सपाट माळावरचे चढउतार

हाउन्स्लोमध्ये टेकडी नाही. लंडनच्या पश्चिमेचा हा बरो, म्हणजे शहराचा प्रशासकीय विभाग, थेम्सच्या वळणापासून थेट हीथ्रो विमानतळाच्या कुंपणापर्यंत पसरला आहे, आणि एवढ्या अंतरात सायकलवाल्याला सीटवरून उठून पेडल मारावं लागेल असा चढ शोधूनही सापडत नाही. ब्रेंटफर्ड, चिझिक, हेस्टन, आयझलवर्थ, फेल्टम अशा जुन्या गावांची मोट बांधून 1965 साली हा बरो तयार झाला. विमानतळ कागदोपत्री शेजारच्या हिलिंग्डनच्या हद्दीत येतो. त्याचा आवाज मात्र भरपूर हाउन्स्लोच्या वाट्याला आलेला आहे.

इथला सगळा इतिहास या सपाटपणातून निघाला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पूर्वी इथे मोठा माळ होता, हाउन्स्लो हीथ. खडीची निकस जमीन, काटेरी झुडपं, मेंढ्या आणि वाटमारे. लंडनहून बाथला आणि एक्सेटरला जाणारे रस्ते या माळावरून जात. श्रीमंतांच्या घोडागाड्या, मोकळं रान, आणि पळून जायचं तर कुठलीही दिशा घ्यावी. सतराव्या-अठराव्या शतकांत हा माळ इतका बदनाम झाला की फाशी दिलेल्या वाटमाऱ्यांची प्रेतं जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसावीत म्हणून रस्त्याकडेला टांगून ठेवत. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत या घोडेस्वार लुटारूंना अजूनही मानाचं पान मिळतं. मला त्यांच्यापेक्षा याच माळावर मोजपट्ट्या घेऊन आलेला एक लष्करी अधिकारी जास्त रोचक वाटतो.

त्याचं नाव जनरल विल्यम रॉय. ग्रिनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळांमधलं नेमकं अंतर ठरवायचं होतं. त्यासाठी त्रिकोणांची साखळी जमिनीवर मांडायची, आणि त्या साखळीची पहिली बाजू प्रत्यक्ष मोजून काढायची. ही बाजू मोजायला लांबलचक सपाट जागा हवी. 1784 च्या उन्हाळ्यात रॉयने ती हाउन्स्लो हीथवर मोजली. आधी लाकडी दांडे वापरले, तर दमट हवेत ते लांबीला बदलायला लागले. मग काचेच्या नळ्या आणल्या. अंतर भरलं 27,404 फूट, म्हणजे पाच मैलांहून थोडं जास्त. पुढे 1791 मध्ये या रेषेच्या दोन्ही टोकांना जमिनीत तोफा उभ्या पुरल्या. त्यातली एक आज विमानतळाच्या उत्तरेकडच्या रस्त्यालगत आहे, आणि टॅक्सीतून बाहेर पडणाऱ्या प्रवाशांना ती दिसली तरी कशाची आहे ते कळत नाही. ब्रिटनचे सरकारी नकाशे ज्या सर्वेक्षणातून निघाले त्याची मुळं या रेषेत आहेत. रॉयचं काम अभ्यासून विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ अशीच आधाररेषा आखली आणि भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. हा लॅम्बटन काम करत करत उत्तरेकडे सरकत गेला आणि 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

मग याच सपाटीवर विमानं आली. 25 ऑगस्ट 1919 रोजी हाउन्स्लो हीथच्या धावपट्टीवरून लंडन-पॅरिस अशी रोजची विमानसेवा सुरू झाली. त्या दिवशी निघालेल्या छोट्या विमानात एक प्रवासी, वर्तमानपत्रं, डेव्हनशरची साय आणि शिकारीचे पक्षी असा सरंजाम होता. वर्षभरात ती धावपट्टी बंद पडली. हेस्टनला दुसरी झाली. 1938 मध्ये म्युनिकहून परतलेल्या ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनने हिटलरच्या सहीचा कागद हवेत फडकवला तो हेस्टनलाच. 1946 मध्ये हीथ्रो नागरी विमानांसाठी खुलं झालं, आणि मग काही विचारायला नको.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगितलं त्याला कारण आहे. या सपाट मुलखात अठराव्या शतकातला एक वास्तुशिल्पी आला, आणि चढउतार हेच त्याच्या कलेचं सूत्र होतं. रॉबर्ट अ‍ॅडम हा मूळचा स्कॉटलंडचा, जन्म 1728 चा. इटलीत जाऊन रोमन अवशेष अभ्यासले, अ‍ॅड्रिअ‍ॅटिकच्या काठी डायोक्लीशन बादशहाच्या पडक्या राजवाड्याची मोजमापं घेतली, 1758 मध्ये लंडनला परतला आणि बघता बघता श्रीमंतांच्या घरांची फॅशन त्याने बदलून टाकली. आपल्या इमारतींबद्दल त्याने भावाबरोबर जे ग्रंथ काढले त्यांच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की वास्तूला गती हवी: काही भाग वर यावा, काही खाली जावा, काही पुढे सरावा, काही मागे राहावा, निसर्गदृश्यात डोंगर आणि दरी जे काम करतात तेच इमारतीत या उंचसखलपणाने करायचं. डोंगर नसलेल्या हाउन्स्लोमध्ये त्याची दोन अव्वल कामं आहेत: थेम्सकाठचं सायन हाउस आणि आत थोड्या अंतरावरचं ऑस्टरली. (मुंबईच्या सायनशी पहिल्याचा काही संबंध नाही.) दोन्ही कामं जवळजवळ एकाच वेळी, 1760 च्या दशकात सुरू झाली. दोन्ही ठिकाणी त्याच्या हाती आलं ते जुनं चौकोनी घर: मध्ये अंगण, चार कोपऱ्यांवर मनोरे. घर पाडायचं नाही, आत काय ते कर. एकच गवई दोन घरच्या बैठकींना गायला, एक घर सरदाराचं आणि दुसरं सावकाराचं, असा हा प्रकार आहे. म्हणून जमलं तर दोन्ही लागोपाठ पाहावीत. सायन आधी.

सायनची जागा जुनी आणि रक्ताळलेली. पाचव्या हेन्रीने 1415 मध्ये स्थापलेला ब्रिजेटाइन पंथाचा मठ पुढे इथे आला. आठव्या हेन्रीने 1539 मध्ये तो मोडला. त्याची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड शिरच्छेदाला नेण्याआधी इथेच कैदेत होती. 1547 मध्ये हेन्रीचं स्वतःचं शव विंडसरला नेताना एक रात्र इथे ठेवलं, तेव्हा शवपेटी फुटली आणि कुत्री जमली, असं सांगतात. मठ मोडणाऱ्याला मिळालेली शिक्षा म्हणून ही गोष्ट लोक फार आवडीने सांगत आले, त्यामुळे ती कितपत धरावी हे ज्याने त्याने ठरवावं. 1553 मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या लेडी जेन ग्रेला इथेच मुकुट देऊ केला गेला; नऊ दिवसांत तिचं राज्य संपलं. 1594 पासून घर नॉर्थंबरलंडच्या पर्सी घराण्याकडे आहे, ते आजतागायत.

अ‍ॅडमला बोलावणारा ह्यू स्मिथसन मात्र जन्माने पर्सी नव्हता. यॉर्कशरच्या एका लहान सरदारघराण्यातला हा माणूस पर्सींच्या वारसदार मुलीशी लग्न करून आला, 1750 मध्ये त्याने पर्सी आडनाव लावलं आणि 1766 मध्ये ड्यूक झाला. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन संस्था ज्याच्या पैशातून उभी राहिली तो जेम्स स्मिथसन याचाच अनौरस मुलगा. एवढं ध्यानात ठेवून आत शिरलं की घर वेगळं दिसतं. बाहेरून सायन म्हणजे कंगोरे असलेली निर्विकार दगडी पेटी आहे. ऐश्वर्याची जाहिरात कुठेही नाही. दार उघडलं की पांढरा प्रकाश अंगावर येतो.

हा दिवाणखाना रोमन सभागृहाच्या थाटाचा आहे. भिंती, छत, गिलाव्यातलं नक्षीकाम, सगळं पांढऱ्याच्या आणि फिकट राखाडीच्या छटांत. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या फरश्या. एका टोकाला अर्धगोल कोनाड्यात अपोलोचा पुतळा. दुसऱ्या टोकाला मरणोन्मुख गॉल योद्धा, काळ्या ब्राँझमधला, रोमचा कारागीर व्हालादिए याने 1773 मध्ये ओतलेला. इथे अ‍ॅडमपुढे एक कटकट होती. जुन्या घराच्या खोल्या एका पातळीवर नव्हत्या, दिवाणखान्याच्या टोकाला जमीन वर चढत होती. साधा कारागीर असता तर भरणी करून फरशी सारखी केली असती, किंवा दाराशी चार पायऱ्या ठोकून मोकळा झाला असता. अ‍ॅडमने त्या टोकाला खांबांचा पडदा उभा केला, त्याच्या दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या पायऱ्या घेतल्या आणि मध्ये तो मरणारा योद्धा ठेवला. पातळी सारखी नसल्याचा दृश्याला फायदाच झाला, असं त्याने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि ही फुशारकी नाही.

कारण बघा काय होतं. पांढऱ्या लांब खोलीतून तुम्ही काळ्या पुतळ्याकडे चालत जाता. तो खाली कललेला, मान झुकलेली, एका हातावर भार. त्याच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या वर जातात. तो कोसळतोय आणि तुम्ही चढताय. योद्ध्याच्या बाजूने चढून वर गेलात की पुढच्या खोलीत रंगांचा स्फोट होतो. हिरव्या संगमरवराचे बारा खांब, टायबर नदीच्या पात्रातून काढून आणलेले असं सांगितलं जातं. प्रत्येकाच्या डोक्यावर सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा. खाली तांबड्या, पिवळ्या, निळ्या रंगांची, संगमरवराचा भास देणारी गुळगुळीत जमीन. पांढऱ्यातून आल्यामुळे डोळ्याला हा रंग दुप्पट लागतो. दोन पायऱ्यांच्या ओळींनी एवढं काम केलं आहे.

या खोलीत आणखी एक खुबी आहे, ती पहिल्या नजरेत कळत नाही. खोली मुळात लांबट आहे. अ‍ॅडमला चौरस हवी होती. म्हणून एका बाजूचे खांब त्याने भिंतीपासून पुढे आणून उभे केले. त्या खांबांच्या मागे वाया गेलेली एक पट्टी आहे, आणि त्या पट्टीमुळे डोळ्याला खोली चौरस भासते. ड्यूककडे जागेची काय कमी होती? पण वाया घालवायची जागासुद्धा नेमकी कुठे वाया घालवायची हे कळायला अक्कल लागते. सोनेरी पुतळ्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते नसते तरी चाललं असतं. खांबांचा हिरवा रंग एवढा खोल आहे की त्याच्या डोक्यावर सोनं ठेवणं म्हणजे ड्यूकचा हट्ट असावा असा संशय येतो.

जेवणाची खोली शुभ्र आणि सोनेरी. इथे कापडी पडदे नाहीत, भिंतीवर गालिचे नाहीत; फक्त गिलावा आणि पुतळे. अ‍ॅडमने याचं कारण सांगितलं आहे: कापडात जेवणाचा वास बसून राहतो. मोठा कलावंत इतका व्यवहारी असतो हे वाचून बरं वाटतं. पुढची दिवाणखोली किरमिजी रेशमाची, तिचा गालिचा थॉमस मूरने 1769 मध्ये विणलेला, तशी त्यावर नोंदच आहे. आणि मग लांब गॅलरी.

ही गॅलरी म्हणजे अ‍ॅडमची खरी परीक्षा. लांबी 136 फूट, रुंदी आणि उंची जेमतेम चौदा-चौदा. बोगदाच तो. पूर्वीच्या घराचा वारसा, पाडता येईना. अ‍ॅडमने भिंतींवर चपटे स्तंभ असे गटागटाने बसवले की नजर सरळ धावत जाऊ शकत नाही, दर काही पावलांवर अडते. छताची नक्षी तिरक्या रेषांत आखली, त्यामुळे ती भिंतीबाहेर पसरल्यासारखी वाटते आणि खोली रुंद होते. जेवणानंतर बायकांनी इथे यावं आणि त्यांना करमणुकीला भरपूर वैविध्य मिळावं, असा हेतू त्याने लिहून ठेवला आहे. एका टोकाच्या छोट्या गोल कोठीत सोनेरी पिंजरा टांगलेला आहे. आणि भिंतीवर वरच्या बाजूला गोल चौकटींत पर्सी घराण्याचे पूर्वज, थेट शार्लमेनपासून. लग्न करून आलेल्या स्मिथसनने सासरची वंशावळ इतक्या निष्ठेने भिंतीवर कोरून घेतली. खुद्द जन्माने पर्सी असलेल्याला इतकी गरज वाटली असती का, हा प्रश्न मला तिथे नेहमी पडतो.

अ‍ॅडमला आणखी एक गोष्ट करायची होती. मधल्या अंगणात एक प्रचंड घुमटाकार दालन, ज्यात चारही बाजूंच्या खोल्यांचा प्रवास येऊन मिळाला असता. ते झालं नाही. 1768 मध्ये डेन्मार्कच्या राजासाठी अंगणात तात्पुरता मंडप मात्र घातला होता. त्यामुळे सायनमध्ये सगळे चढउतार आहेत, पण ते ज्याच्याभोवती फिरायचे तो मध्यच रिकामा आहे. बागेतलं 1820 च्या दशकातलं काचघर सुंदर आहे, पण वेळ कमी असेल तर ते सोडलं तरी चालेल. नदीकडच्या बाजूला छतावर उभा असलेला सिंह लंडनच्या मध्यवस्तीतला ड्यूकचा वाडा पाडला तेव्हा तिथून आणलेला आहे, आणि त्याची शेपटी काठीसारखी सरळ आहे.

सायनहून ऑस्टरलीला जाताना ग्रेट वेस्ट रोड लागतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या रस्त्यावर ओळीने देखणे कारखाने उभे राहिले. त्यातला विटांच्या मनोऱ्याचा जिलेटचा कारखाना 1937 मध्ये बॅनिस्टर फ्लेचरने बांधला. वास्तुकलेच्या इतिहासाचं जे जाडजूड पुस्तक आपल्याकडच्या आर्किटेक्चर कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या उशाला घेतलं गेलं, त्याचाच हा लेखक. पुस्तक जितकं वाचलं जातं तितकी ही इमारत पाहिली जात नाही. भूक लागली असेल तर हाउन्स्लोच्या हमरस्त्याकडे वळावं. तिथे मुंबईहून आलेल्या दोन मित्रांनी सुरू केलेलं वडापावचं दुकान आहे, आणि हीथ्रोवर काम करणाऱ्या पंजाबी, गुजराती, तमिळ, मराठी माणसांनी हा भाग गजबजलेला असतो. चिझिकचा लॉर्ड बर्लिंग्टनचा बंगला आणि त्याच्या जवळचं चित्रकार होगार्थचं घरही याच बरोत आहे. दोन्ही पाहण्यासारखी आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा.

ऑस्टरली मुळात टॉमस ग्रेशॅमचं. लंडनचं रॉयल एक्स्चेंज उभारणारा हा व्यापारी. एलिझाबेथ राणी इथे मुक्कामाला आली आणि म्हणाली की अंगण फार मोठं आहे, मध्ये भिंत हवी. ग्रेशॅमने लंडनहून माणसं आणून रातोरात भिंत घातली आणि सकाळी राणीला दाखवली, अशी कथा आहे. पुढे घर गहाणवटीच्या व्यवहारातून 1713 मध्ये चाइल्ड या सावकार कुटुंबाकडे आलं. चाइल्डांची लंडनमध्ये पेढी होती, आणि पेढीच्या पाटीवर पिवळ्या फुलाचं चिन्ह. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातही हे घराणं होतं. कंपनीच्या एका जहाजाचं नावच ‘ऑस्टरली’ होतं. घरात चाइल्डांचं कुलचिन्ह रंगवून थेट चीनहून मागवलेली भांडी आणि लाखकामाचा पडदा आहे. कंपनीच्या नफ्यातला हिंदुस्थानी वाटा या भिंतींवर कुठे लिहिलेला नाही, पण हिशेब ज्याला करता येतो त्याने करावा.

फ्रान्सिस चाइल्डने 1761 मध्ये अ‍ॅडमला बोलावलं. दोन वर्षांत तो वारला. धाकटा भाऊ रॉबर्ट आणि त्याची बायको सेरा यांनी काम चालू ठेवलं. इथेही अ‍ॅडमपुढे पातळीचाच प्रश्न होता. त्याने तो बाहेरच सोडवला. घराची एक बाजू उघडी होती, तिथे त्याने भिंत बांधलीच नाही. रुंद पायऱ्या, त्यांच्यावर खांबांच्या दोन ओळी, वर त्रिकोणी शिखर, आणि मध्ये काही नाही. या खांबांमधून आरपार दिसतं. पायऱ्या चढून खांबांमधून गेलात की तुम्ही घरात नाही, अंगणात येता, पण हे अंगण मुख्य मजल्याच्या उंचीवर उचललेलं आहे. म्हणजे घरात शिरण्याआधीच तुमचं चढणं संपलेलं असतं. सायनमध्ये चढ आत होता, मरणाऱ्या योद्ध्याच्या बाजूने, नाट्यमय. इथे तो उघड्या हवेत आहे, सहज, आणि म्हणून मला तो श्रेष्ठ वाटतो. खांब आत येणाऱ्याला अडवत नाहीत. ते फक्त सांगतात की इथून पुढे वेगळी जागा आहे.

आतला दिवाणखाना राखाडी-पांढरा, फिकट. फरशीची नक्षी छताच्या नक्षीला उत्तर देते. दोन्ही टोकांना अर्धगोल कोनाडे. भिंतीवर गिलाव्यात ढाली-तलवारींचे नक्षीपट. सावकाराच्या घरात शस्त्रांची नक्षी कशाला, असा टोमणा सुचतो खरा, पण उठाव इतका पातळ आहे की ती शस्त्रं शस्त्रांसारखी वाटतच नाहीत. ऑस्टरलीचा सगळा स्वभाव या पातळपणात आहे. सायनमध्ये दगड, ब्राँझ, सोनं यांचं वजन जाणवतं. इथे अ‍ॅडमने वजन काढून घेतलं आहे. जेवणाच्या खोलीच्या छतावर द्राक्षवेली आहेत, भिंती गुलाबी आणि हिरव्या, खुर्च्या भिंतीला लावलेल्या. टेबलं जेवणाच्या वेळी बाहेरून आणून मांडत. दिवाणखोलीचं छत पाल्मिराच्या सूर्यमंदिरावरून घेतलेलं आहे, आणि खालचा गालिचा त्या छताचं प्रतिबिंब.

लेखक होरेस वॉलपोल 1773 मध्ये इथे आला आणि पत्रातून त्याने हे राजवाड्यांचा राजवाडा असल्याचं कळवलं. हाच वॉलपोल काही वर्षांनी परत आला तेव्हा त्याने नाकं मुरडली. त्याच्या तक्रारीचं कारण शेवटच्या तीन खोल्यांत आहे, आणि त्या तीन खोल्यांतच ऑस्टरलीचं मर्म आहे.

पहिल्या खोलीत गोब्लँ कारखान्याच्या भिंतपटांनी चारही भिंती झाकल्या आहेत. गडद गुलाबी पार्श्वभूमी, फुलांचे हार, पक्षी, आणि गोल चौकटींत फ्रेंच चित्रकार बूशेच्या चित्रांवरून विणलेले देवदेवतांचे प्रणय. एका पटावर कारागीर नीलसनची सही आणि 1775 साल. खुर्च्यांची गादीही त्याच विणीची. ही खोली उबदार आहे, इतकी की फार वेळ थांबवत नाही. दुसऱ्या खोलीत शाही पलंग: खांब, वर घुमट, घुमटावर फुलं, झालर, आणि त्यात चाइल्डांच्या पेढीचं पिवळं फूल. वॉलपोलने या घुमटाला टोप्या शिवणारणीच्या हातच्या कामाची उपमा दिली, आणि इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. पलंगाच्या आकाराचं देऊळ की देवळाच्या आकाराचा पलंग, हे अ‍ॅडमला स्वतःलाच ठरवता आलेलं नाही. एवढ्या थाटाचा हा पलंग झोपण्यापेक्षा पाहण्यासाठीच होता.

या ऐश्वर्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात असं. रॉबर्ट चाइल्डची एकुलती मुलगी 1782 मध्ये एका अर्लबरोबर पळून गेली आणि स्कॉटलंडच्या सीमेवर, ग्रेटना ग्रीनला जाऊन तिने लग्न केलं. बापाने पाठलाग केला, पण गाठलं नाही. त्याच वर्षी तो वारला. मृत्युपत्रात मुलीला वगळून इस्टेट पुढच्या पिढीकडे गेली आणि अखेर मुलीच्या मुलीला मिळाली. दुसऱ्या महायुद्धात 1940 मध्ये टॉम विन्ट्रिंगम याने इथल्या उद्यानात स्वयंसैनिकांना गनिमी युद्ध शिकवलं. घराच्या तेव्हाच्या मालक अर्लने परवानगी देताना घर तेवढं उडवू नका, कुटुंबात बरेच दिवस आहे, असं सांगितल्याचं नोंदलं गेलं आहे. 1949 मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. मोटरवेने उद्यान मधून चिरलं. विमानं वरून जातात. जुन्या तबेल्यात चहा मिळतो. झाडांवर हिरव्या पोपटांची टोळकी ओरडत असतात, आपल्याकडचेच, कंठी असलेले. पाळलेले सुटले आणि लंडनच्या पश्चिमेत वाढले. सेरा चाइल्डने इथे दूरदेशीचे पक्षी पिंजऱ्यांत पाळले होते आणि चित्रकार विल्यम हेजने त्यांची चित्रं काढली होती.

राहिली तिसरी खोली, एट्रुस्कन नावाची. वॉलपोलला वाटलं की राजवाड्यातून निघून कुंभाराच्या आवारात आलो. गुलाबी भिंतपट आणि सोनेरी पलंगानंतर इथे थंड, फिकट निळसर भिंती आहेत, आणि त्यांवर विटकरी आणि काळ्या रंगात नाजूक नक्षी: कमानी, कलश, नर्तकी, साखळ्या. त्या काळी ग्रीक फुलदाण्यांना एट्रुस्कन समजत, त्यांच्या रंगांवरून हे काम केलेलं. नक्षी पिएत्रो बोर्न्यिस या चित्रकाराने कागदावर रंगवली, कागद कापडावर चिकटवला, कापड भिंतीवर ताणलं. या भिंतींवर उठाव नाही, गिलावा नाही, खांब नाही. ज्या माणसाने सायनमध्ये हिरवे खांब भिंतीपासून पुढे ओढून काढले, त्याने इथे खांब, कोनाडा, छत सगळं सपाट कागदावर उतरवलं, आणि खोली तरीही खोल वाटते. दिवसाच्या उजेडात काही कमानी मागे सरतात, काही नर्तकी पुढे येतात. वॉलपोल पलंगाबद्दल बरोबर होता. इथे तो चुकला. राजवाड्याच्या शेवटी भपका वाढलाच पाहिजे, ही अपेक्षा त्याची. अ‍ॅडम तोवर भपक्याच्या पुढे गेला होता. खुर्च्याही त्याच नक्षीच्या, भिंतीला पाठ लावून ठेवायच्या, म्हणजे खुर्चीची पाठ भिंतीच्या चित्रात बसते. कुणी खुर्ची पुढे ओढून बसला की चित्रात भोक पडतं. ट्रस्टवाले कुणाला बसू देत नाहीत, ते या एका खोलीत तरी मला पटतं.